धर्मस्वातंत्र्याचा हक्क सत्याला की माणसाला? कॅथलिक भूमिकेविषयी

बावखल (धागाकर्ती)

धर्मांतरविषयक कायद्यांवर येथे नुकतीच जी चर्चा झाली, तिच्यात एका सदस्यांनी मला थेट प्रश्न केला होता. तुमची कॅथलिक ख्रिस्तसभा जेथे अल्पसंख्य असते तेथे धर्मस्वातंत्र्य मागते आणि जेथे बहुसंख्य असते तेथे तेच इतरांना नाकारते, हे खरे नाही का? त्या गर्दीत दोन ओळींचे उत्तर देऊन मोकळे होणे मला बरे वाटले नाही, म्हणून हा स्वतंत्र धागा. मी वसईची कॅथलिक आहे आणि शाळेत तीस वर्षे इतिहास शिकवला आहे. धर्मशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. परंतु हा प्रश्न मी बरीच वर्षे मनाशी बाळगून आहे.

प्रामाणिक उत्तर असे, की एके काळी हे खरे होते आणि ते लपूनछपूनही चाललेले नव्हते. धर्मगुरूंच्या शिक्षणात ते तत्त्व म्हणून शिकवले जात असे. युक्तिवाद साधा होता. असत्याला हक्क नसतात; कॅथलिक धर्म सत्य आहे; म्हणून जेथे प्रजा कॅथलिक आहे तेथे राज्यसंस्थेने त्या धर्माचा पुरस्कार करावा आणि इतरांच्या जाहीर उपासनेला, शांतता राखण्यासाठी, फार तर सहन करावे. जेथे कॅथलिक थोडे आहेत तेथे मात्र सर्वांना समान स्वातंत्र्य मागावे. पहिली स्थिती आदर्श आणि दुसरी परिस्थितीपुढे केलेली तडजोड, अशी ती मांडणी होती. प्रत्येकाला विवेकस्वातंत्र्य द्यावे या मताला पोप सोळावे ग्रेगरी यांनी 1832 साली वेडगळपणा म्हटले. 8 डिसेंबर 1864 रोजी पोप नववे पायस यांनी 80 त्याज्य मतांची यादी प्रसिद्ध केली, आणि बुद्धीच्या प्रकाशात जो धर्म खरा वाटेल तो स्वीकारण्यास मनुष्य मोकळा आहे, हे मत त्या यादीत पंधरावे होते. त्या पोपांच्या डोळ्यांसमोर फ्रेंच राज्यक्रांतीने गिलोटीनवर चढवलेले धर्मगुरू होते आणि स्वातंत्र्याचे नाव घेत मठ जप्त करणारी सरकारे होती, हे इतिहासाची शिक्षिका म्हणून मला सांगितलेच पाहिजे. तेवढ्याने त्या वाक्याची धार मात्र कमी होत नाही.

हे तत्त्व व्यवहारात कसे दिसे, ते हुकूमशहा फ्रँकोच्या स्पेनमध्ये पाहावे. 1945 साली तेथे नागरिकांच्या हक्कांची जी सनद निघाली, तिच्या सहाव्या कलमाने कोणालाही त्याच्या श्रद्धेबद्दल किंवा खासगी उपासनेबद्दल त्रास दिला जाणार नाही असे आश्वासन दिले, आणि लगेच पुढे कॅथलिक धर्माखेरीज अन्य कोणत्याही धर्माचे जाहीर विधी किंवा प्रकटीकरण होऊ दिले जाणार नाही असे बजावले. म्हणजे प्रोटेस्टंट कुटुंबाने चार भिंतींच्या आत हवी तितकी प्रार्थना करावी, पण ती कोणाच्या नजरेस पडता कामा नये. आमच्या गावातून फेस्तची मिरवणूक निघते, तेव्हा मूर्तीपुढे बँड असतो आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हिंदू शेजारी उभे असतात. ती मिरवणूक आवाराच्या भिंतीआतच फिरवा असे उद्या कोणी सांगितले, तर आम्हांला कसे वाटेल, हे आमच्या माणसांनी स्वतःला विचारावे. त्या काळच्या स्पेनमधील प्रोटेस्टंटाला तसेच वाटत होते.

यानंतर 7 डिसेंबर 1965 ही तारीख येते. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, ती संपण्याच्या आदल्या दिवशी, ‘डिग्निटाटिस ह्युमाने’ म्हणजे ‘मानवी प्रतिष्ठेविषयी’ या शब्दांनी सुरू होणारे जाहीरपत्र 2308 विरुद्ध 70 मतांनी संमत केले आणि पोप सहावे पॉल यांनी त्याच दिवशी ते जारी केले. 1864 ची यादी आणि हे जाहीरपत्र यांच्यामध्ये एक दिवस कमी 101 वर्षे आहेत.

या जाहीरपत्राचा गाभा मला तरी व्याकरणातल्या एका दुरुस्तीसारखा वाटतो. जुन्या वाक्यात हक्काचा धनी सत्य होते, नव्या वाक्यात माणूस आहे. हक्क विचारांना नसतात, ते विचार बाळगणाऱ्याला असतात, आणि तो बरोबर आहे की चूक यावर ते अवलंबून नसतात. दुसऱ्या परिच्छेदात तर स्पष्टच म्हटले आहे, की सत्याचा शोध घेण्याचे आपले कर्तव्य जे पाळत नाहीत त्यांच्याकडेही हा हक्क कायम राहतो. म्हणजे जो निष्काळजीपणे नास्तिक आहे, ज्याने कधी कशाचाच विचार केला नाही, त्याच्यावरही बळजबरी करता येणार नाही. याचे कारण पत्राने राज्यघटनेत किंवा करारात शोधलेले नाही. ते त्याने माणसाच्या घडणीत शोधले आहे. श्रद्धा ही आतून दिलेली संमती असते. बाहेरून दाबून मिळवलेली संमती ही श्रद्धाच नव्हे. सत्य मनावर आपला अधिकार चालवते ते केवळ स्वतःच्या बळावर, हळुवारपणे आणि तरी समर्थपणे, अशा अर्थाचे एक वाक्य पहिल्याच परिच्छेदात आहे, आणि ते मला फार प्रिय आहे.

सर्व धर्म सारखेच आहेत, असे मात्र हे पत्र कोठेही म्हणत नाही. खरा धर्म कॅथलिक ख्रिस्तसभेत आहे, हा दावा ते पहिल्याच परिच्छेदात पुन्हा करते. माझ्या अनेक हिंदू मित्रमैत्रिणींना येथे निराशा वाटते आणि ती मी समजू शकते. तरीही माझे म्हणणे असे, की बहुधर्मी समाजाला नेमका हाच आधार उपयोगाचा आहे. ज्याला सगळे धर्म सारखेच वाटतात, त्याला दुसऱ्याचे स्वातंत्र्य मान्य करताना काहीच गमवावे लागत नाही. आपला शेजारी मोठ्या गोष्टीत चुकतो आहे असे ज्याला मनापासून वाटते, त्याने त्या शेजाऱ्याच्या दारावर हात उगारू नये, आणि कोणी उगारला तर तो धरावा, यासाठी अधिक खोल कारण लागते. ते कारण आमच्या ख्रिस्तसभेने उशिरा का होईना, पण लेखी दिले आहे. आता आमच्याकडून त्याचा हिशेब मागण्याचा अधिकार सर्वांना आहे.

मांडवीतीर

लेख प्रांजळ आहे, म्हणून माझा प्रश्नही स्पष्टपणे विचारतो. आमचे कुलदैवत मंगेश. त्याचे मूळ स्थान कुशस्थळी. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलात देवळे पाडली जाऊ लागली, तेव्हा आमच्या पूर्वजांनी देव उचलला आणि झुवारी ओलांडून आदिलशाहीतील अंत्रुज महालात, प्रियोळला नेला. शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला गेली. आजही घरातल्या कार्याच्या वेळी देव मूळचा कुठला, हे मुलांना सांगितले जाते. हिंदू अनाथ मुले ताब्यात घेऊन त्यांना बाप्तिस्मा देण्याचा हुकूम 1559 चा आहे. गोव्यातील धर्मन्यायपीठ (इन्क्विझिशन, म्हणजे श्रद्धेविरुद्धच्या वर्तनाचा निवाडा करणारे न्यायालय) 1560 साली सुरू झाले आणि 1774 ते 1778 हा खंड सोडला तर 1812 पर्यंत चालले. अडीचशे वर्षे हा काही एखाद्या माथेफिरू अधिकाऱ्याचा कारभार नव्हता.

1965 च्या जाहीरपत्रात या भूतकाळाविषयी काय म्हटले आहे? नवा नियम सांगणे सोपे असते. जुन्याची कबुली दिल्याशिवाय त्या नियमावर विश्वास कसा ठेवावा?

बावखल

मांडवीतीर, तुमचा प्रश्न रास्त आहे. जाहीरपत्राच्या बाराव्या परिच्छेदात एक वाक्य आहे: इतिहासाच्या चढउतारांत देवाच्या प्रजेकडून वेळोवेळी शुभवर्तमानाच्या वृत्तीशी न जुळणारे, किंबहुना तिच्या विरोधी असे वर्तन घडले. बस, इतकेच. गोव्याचे नाव नाही आणि कोणाचेच नाही. मला हे वाक्य अपुरे वाटते. 12 मार्च 2000 रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी सत्याची सेवा करण्याच्या नावाखाली ज्या मार्गांचा अवलंब झाला त्याबद्दल सेंट पीटरच्या मंदिरात जाहीर क्षमायाचना केली. ती अधिक स्पष्ट होती, तरीही ती सर्वसाधारण शब्दांतच होती.

हे न्यायपीठ कागदोपत्री फक्त बाप्तिस्मा झालेल्यांसाठी होते, हा बचाव आमच्याकडे कधी कधी केला जातो. मी तो करणार नाही. ज्यांना दाबाखाली बाप्तिस्मा दिला त्यांनाच पुढे तुळशीपुढे दिवा लावला म्हणून गुन्हेगार ठरवायचे, यात त्या बचावाला जागा उरत नाही. ज्या संत फ्रान्सिस झेवियरच्या नावाने आमच्या घरोघरी मुलांची नावे ठेवली जातात, त्यांनीच 1546 साली पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून भारतात असे न्यायपीठ हवे असे कळवले होते. मी त्यांच्याकडे प्रार्थना करते, आणि हेही मला माहीत आहे. दोन्ही गोष्टी एकाच मनात ठेवणे जड जाते.

माझ्या स्वतःच्या पूर्वजांनी बाप्तिस्मा कोणत्या परिस्थितीत घेतला हे मला कोणत्याच नोंदीतून कळलेले नाही. वसई 1534 पासून 1739 पर्यंत पोर्तुगीजांकडे होती. त्या दोन शतकांत लोभ, धाक आणि श्रद्धा यांचे प्रमाण काय होते, हे आज कोण सांगणार? पण 1739 च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची मुभा तहात दिली. त्या दिवसापासून आमच्या लोकांवर ख्रिस्ती राहण्यासाठी कोणाचाही दाब उरला नाही. काही परत फिरले. पुष्कळजण फिरले नाहीत. शेतीवाडी सांभाळत, सामवेदी आणि वाडवळी बोलत, क्रूसापुढे मेणबत्ती लावत राहिले. म्हणून मला असे वाटते, की माझ्या घराण्याची श्रद्धा खऱ्या अर्थाने ‘मुक्त’ झाली ती बहुधा मराठ्यांच्या राज्यात. आमच्या धर्मग्रामातील तरुणांना मी हे सांगते तेव्हा ते चकित होतात.

परिषदेत भूतकाळाचे नाव घेऊन बोलणारा एक माणूस मात्र होता, त्याविषयी लिहिल्याशिवाय राहवत नाही. 20 सप्टेंबर 1965 रोजी प्रागचे कार्डिनल योसेफ बेरान बोलायला उभे राहिले. नाझींनी त्यांना डाखाउच्या छळछावणीत ठेवले होते. 1949 नंतर कम्युनिस्ट राजवटीने त्यांना कित्येक वर्षे स्थानबद्ध केले होते आणि त्याच वर्षी ते मायदेश कायमचा सोडून रोमला आले होते. असा माणूस धर्मस्वातंत्र्यावर बोलणार म्हणजे कम्युनिस्टांविरुद्ध फिर्याद मांडणार, अशीच कोणाचीही अपेक्षा असेल. ते बोलले बोहेमियातील धर्मसुधारक यान हुसविषयी, ज्यांना ख्रिस्तसभेच्या परिषदेने दोषी ठरवल्यावर 1415 साली जिवंत जाळण्यात आले. आणि सतराव्या शतकात बोहेमियातील जनतेला सक्तीने पुन्हा कॅथलिक करण्यात आले त्याविषयी. माझ्या देशातील ख्रिस्तसभा आज जे भोगते आहे, ते विवेकस्वातंत्र्याविरुद्ध तिच्या नावाने पूर्वी घडलेल्या पापांचे प्रायश्चित्त असावे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. दुसऱ्या दिवशी 21 सप्टेंबरला प्राथमिक मतदान झाले आणि 1997 विरुद्ध 224 मतांनी मसुदा पुढे सरकला. गोव्याविषयी असे कोणी तेथे बोलायला हवे होते, असे मला नेहमी वाटते.

कलमपंचवीस

मी नागपूरला वकिली करतो. चर्चेला भारतीय कायद्याची जोड देतो, कारण येथे प्रश्न संमतीच्या शुद्धतेचा आहे, आणि त्याचे एक मूळ आमच्याच शहरात आहे.

नागपूर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी असताना 1954 साली ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करण्यासाठी निवृत्त मुख्य न्यायमूर्ती नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि 1956 साली तिचा अहवाल आला. पुढे ओरिसाने 1967 मध्ये आणि मध्य प्रदेशाने 1968 मध्ये बळजबरी, फसवणूक आणि प्रलोभन यांनी होणाऱ्या धर्मांतराविरुद्ध कायदे केले. एका कॅथलिक धर्मगुरूंनी, रेव्हरंड स्टॅनिस्लॉस यांनी, मध्य प्रदेशच्या कायद्याला दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 1977 साली सरन्यायाधीश अजित नाथ राय यांच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने असे ठरवले, की संविधानाच्या धर्मस्वातंत्र्य देणाऱ्या पंचविसाव्या कलमातील ‘प्रचार’ म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे मांडून तो पसरवणे. दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. संविधान सभेत या शब्दावरून डिसेंबर 1948 मध्ये वाद झाला, तेव्हा कन्हैयालाल मुन्शी यांनी तो शब्द राखण्याच्या बाजूने असे म्हटले होते, की तो नसता तरीही भाषणस्वातंत्र्याखाली कोणालाही दुसऱ्याला आपला धर्म पटवून देता आलाच असता.

माझा प्रश्न बावखल यांना आहे. तुमचे जाहीरपत्र माणसाला बळजबरीपासून मुक्त ठेवते. भुकेल्याला धान्य देऊन, आजाऱ्याला औषध देऊन, त्याच हाताने बाप्तिस्मा देणे ही बळजबरी की सेवा?

बावखल

याचे उत्तर जाहीरपत्रातच आहे आणि आमच्या बाजूचे लोक ते फारसे वाचून दाखवत नाहीत. चौथ्या परिच्छेदात धर्मसंस्थांना आपला धर्म जाहीरपणे शिकवण्याचा हक्क दिला आहे आणि तेथेच म्हटले आहे, की प्रचार करताना जबरदस्तीचा, अप्रामाणिक किंवा हलक्या प्रतीच्या आर्जवाचा वासही येता कामा नये, विशेषतः गरीब आणि अशिक्षित लोकांच्या बाबतीत. असे करणे म्हणजे आपल्या हक्काचा दुरुपयोग आणि दुसऱ्याच्या हक्काचा भंग होय, असे पत्र म्हणते. 1965 साली जगभरच्या बिशपांनी हे मान्य केले. तेव्हा तांदळाच्या पोत्यासोबत कोणी बाप्तिस्म्याचा आग्रह धरत असेल, तर आमच्याच परिषदेने त्याला दोषी ठरवले आहे आणि त्यासाठी बाहेरच्या कोणाची गरज नाही.

मात्र तुमच्या प्रश्नाला दुसरी बाजू आहे. सगळी चर्चा ‘धर्मांतर करणाऱ्या’ मिशनऱ्याभोवती फिरते आणि ‘धर्म बदलणारा’ माणूस तिच्यात कर्मणी प्रयोगातच राहतो. त्याचे धर्मांतर केले जाते, तो ते करत नाही. स्टॅनिस्लॉस निकालात माझी अडचण हीच आहे. दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क मला नको, तो कोणालाच नसावा. परंतु ऐकून, विचार करून, स्वतः निर्णय घेणाऱ्या माणसाचा हक्क त्या निकालात मला नीट दिसत नाही. आदिवासी पाड्यावरची बाई निवडणुकीत स्वतः मत देऊ शकते असे आपण धरून चालतो. तीच बाई देव निवडताना मात्र नेहमी फसवलीच गेली असणार असे मानणे, हा तिच्या बुद्धीचा अवमान आहे. आणि हे मी कॅथलिक होणाऱ्या बाईविषयी म्हणते, तसेच कॅथलिक धर्म सोडणाऱ्या बाईविषयीही.

कलमपंचवीस

या मुद्द्यावर मी तुमच्याशी सहमत आहे. हिमाचल प्रदेशच्या 2006 च्या कायद्यात धर्म बदलण्यापूर्वी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना नोटीस देण्याची सक्ती होती, ती तेथील उच्च न्यायालयाने 2012 साली रद्द केली. आपली श्रद्धा मनातच ठेवण्याचा आणि ती कोणालाही न सांगण्याचा माणसाला हक्क आहे, असे त्यामागचे तर्कशास्त्र होते. तुमच्या जाहीरपत्राच्या सातव्या परिच्छेदातील सार्वजनिक सुव्यवस्थेची मर्यादा आणि आपल्या पंचविसाव्या कलमातील सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य ही मर्यादा यांत बरेच साम्य आहे. खरा वाद ‘सुव्यवस्था’ या शब्दाचा अर्थ कोण लावणार, यावरच होतो.

जुनीघंटा

मी पुण्याचा कॅथलिक आहे आणि वयाने कदाचित आपणां सर्वांहून मोठा. मांडणी सुंदर आहे, पण माझी शंका वेगळी आहे. ख्रिस्तसभेने 1864 साली जे त्याज्य म्हटले ते 1965 साली ग्राह्य म्हटले, असे आपण इतक्या सहज लिहिता. मग आज जे शिकवले जाते ते 2065 साली बदलणार नाही कशावरून? आर्चबिशप मार्सेल लेफेव्र यांनी परिषदेत विरोध केला तो याच कारणाने. पोपांची आज्ञा मोडण्याचा त्यांचा पुढचा मार्ग मला मान्य नाही, पण त्यांचा प्रश्न मला रात्री जागवतो. दुसरे असे, की धर्मस्वातंत्र्याच्या नावाने आमची नातवंडे ‘कोठेही गेले तरी चालते’ असे म्हणू लागली आहेत. राज्याने सक्ती करू नये, हे ठीक. ‘सत्य असे काही नसते’ हे त्यातून कधी निघाले?

बावखल

आदरणीय जुनीघंटा, आपल्या शंकेला मी हलके समजत नाही. जाहीरपत्र तयार होताना सर्वांत जास्त भांडण याच मुद्द्यावर झाले. 19 नोव्हेंबर 1964 रोजी मतदान होणार असे सगळे धरून चालले असताना ते अचानक पुढे ढकलले गेले आणि शेकडो बिशपांनी तिथल्या तिथे पोपना तातडीचा अर्ज लिहिला, तरी ते त्या वर्षी झाले नाही. मला त्यातला पुढचा योग विशेष वाटतो. त्यानंतर बरोबर दोन आठवड्यांनी, 3 डिसेंबरला, तेच पोप पॉल मुंबईत होते. कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशस यांच्या यजमानपदाखाली भरलेल्या जागतिक ख्रिस्तप्रसाद अधिवेशनासाठी ते आले होते, आणि इतर धर्मांच्या प्रतिनिधींसमोर त्यांनी ‘असतो मा सद्गमय’ ही उपनिषदातील प्रार्थना उद्धृत केली. माझे वडील त्या अधिवेशनाला वसईहून लोकलने ओव्हल मैदानावर गेले होते. गर्दीत हरवू नये म्हणून त्यांनी माझ्या काकांच्या सदऱ्याचे टोक मुठीत धरून ठेवले होते, ही आठवण ते शेवटपर्यंत सांगत. रोममध्ये अडलेल्या त्या मसुद्याविषयी त्यांना काहीच माहीत नव्हते. पण पोपनी आपल्या शेजाऱ्यांच्या ग्रंथातली प्रार्थना म्हटली, हे त्यांना पुरेसे होते.

आता आपला मूळ प्रश्न. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी 22 डिसेंबर 2005 च्या भाषणात असे उत्तर दिले, की तत्त्व आणि त्याचा विशिष्ट काळातील वापर या दोन पातळ्या आहेत. तत्त्वात सातत्य आहे, वापरात खंड पडू शकतो, आणि खरी सुधारणा या दोहोंच्या मिश्रणातून होते. धर्मस्वातंत्र्य म्हणजे सत्य कळतच नाही, असा अर्थ घेतला तर तो आजही त्याज्यच आहे. सत्य बाहेरून लादता येत नाही, ही त्या सत्याचीच मागणी आहे, असा अर्थ घेतला तर तो जुन्या परंपरेत बसतो. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकातच लिहिले होते, की ज्यांनी कधी श्रद्धा स्वीकारलीच नाही त्यांच्यावर ती स्वीकारण्याची सक्ती करू नये, कारण श्रद्धा इच्छेवर अवलंबून असते. (त्याच लेखात, एकदा स्वीकारून सोडणाऱ्यांवर मात्र सक्ती करावी, असेही आहे. ते मी गाळणार नाही.)

हे स्पष्टीकरण मला बरेचसे पटते, पूर्णपणे नाही. मला वाटते, की बदल खराच झाला आणि तो बदल आहे असे म्हणण्यात ख्रिस्तसभेचे काही कमी होत नाही. जॉन कोर्टनी मरे हे अमेरिकन जेसुइट धर्मगुरू बहुधर्मी लोकशाहीत वाढले होते. अमेरिकेच्या घटनेतील धर्मविषयक कलमे ही श्रद्धेची विधाने नसून शांततेची कलमे आहेत, असे ते सांगत. 1950 च्या दशकात त्यांना वरिष्ठांनी या विषयावर लिहिणे थांबवण्यास सांगितले. त्यांनी आज्ञा पाळली आणि आपली पुस्तके ग्रंथालयात परत केली, असे सांगतात. 1963 साली त्यांनाच परिषदेत तज्ज्ञ म्हणून बोलावले गेले आणि या जाहीरपत्रावर त्यांचा हात फिरला. ज्या माणसाला गप्प केले त्याच्याकडूनच शिकण्याची तयारी असलेल्या संस्थेबद्दल माझा विश्वास वाढतो. आपल्या नातवंडांविषयी मात्र मी आपल्या बाजूची आहे. सक्ती नको, याचा अर्थ घरात धर्माविषयी बोलूच नये, असा कोणी काढला असेल तर तो चुकीचा आहे.

पिंपळपार

मी बौद्ध आहे. राज्य आणि ख्रिस्तसभा यांच्याविषयी पुष्कळ लिहून झाले. तुमच्या घरातले, गावातले कोणी कॅथलिक धर्म सोडला तर काय होते, तेही लिहाल का? आमच्या घराण्याला 1956 नंतर गावाने जे वागवले, ते आजोबांकडून ऐकले आहे. म्हणून विचारतो.

बावखल

पिंपळपार, हा प्रश्न मला सर्वांत अवघड आहे, कारण याचे उत्तर पुस्तकात नाही.

माझा मावसभाऊ बारा वर्षांपूर्वी एका प्रार्थनागटात जाऊ लागला. आमच्याकडे अशांना ‘बिलीव्हर’ म्हणतात आणि तो शब्द चांगल्या अर्थाने उच्चारला जात नाही. त्याने घरातील मारिया मातेची तसबीर उतरवली, मिस्सेला येणे बंद केले. त्यानंतर त्याला लग्नाच्या पत्रिका येईनाशा झाल्या. लग्नातल्या ‘उमराच्या पाण्या’च्या विधीला बोलावणे आले नाही. आम्ही कोणी त्याला मारले नाही, त्याचे पाणी तोडले नाही. आम्ही फक्त त्याच्याशी बोलायचे थांबलो. मीही. मी तेव्हा शाळेत मुलांना धार्मिक सहिष्णुतेचा धडा शिकवत होते.

मावशी गेली तेव्हा जुलै महिना होता. मिस्सा चालू असताना तो चर्चच्या पडवीत छत्री मिटून उभा राहिला, आत आला नाही. छत्रीचे पाणी त्याच्या बुटांवर गळत होते आणि तो ती हलवतही नव्हता. दफनाच्या वेळी सगळे खड्ड्याभोवती उभे राहिले आणि तो मागे राहिला. तेव्हा आमच्या वृद्ध फादरांनी हातातले पुस्तक मिटले, गर्दीतून वाट काढत त्याच्यापर्यंत गेले, त्याचा हात धरून त्याला पुढे आणले आणि पहिली मूठ माती त्याच्या हातात दिली. कोणी काही बोलले नाही. मी त्या रात्री जाहीरपत्राचा दुसरा परिच्छेद पुन्हा काढून वाचला. बळजबरीपासून मुक्तता कोणाकडून, हे तेथे मोजून सांगितले आहे: व्यक्तींकडून, सामाजिक गटांकडून आणि कोणत्याही मानवी सत्तेकडून. इतकी वर्षे मी त्यातली ‘सत्ता’ तेवढी वाचत आले होते. ‘सामाजिक गट’ म्हणजे आम्ही होतो.

कलमपंचवीस

येथे एक माहिती देतो. वाळीत टाकणे हा महाराष्ट्रात आता गुन्हा आहे. सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा राज्याचा 2016 चा कायदा 2017 मध्ये अमलात आला. तो मुख्यतः जातपंचायतींच्या जाचातून आला असला, तरी एखाद्याला समाजाच्या विधींपासून किंवा दफनभूमीपासून तोडणे हे प्रकारही त्याच्या कक्षेत येतात. अर्थात नातेवाइकांनी बोलणे सोडणे हे कायद्याने रोखता येत नाही.

मांडवीतीर

बावखल, पहिल्या प्रतिसादात मी कबुलीविषयी विचारले होते. मला हवे होते ते उत्तर मिळाले. आता तो तुमचा भाऊ कसा आहे?

बावखल

आता आम्ही बोलतो. सुरुवात मी केली, तीही फार उशिरा. नाताळला तो येतो आणि जेवणाआधीची प्रार्थना आपल्या पद्धतीने म्हणतो. आम्ही क्रूसाची खूण करतो, तो करत नाही. मारिया मातेवरून आमचा कडाक्याचा वाद होतो. तो चुकतो आहे असे मला वाटते, आणि मी चुकते आहे असे त्याला.

एक प्रश्न अजून तसाच आहे. त्याची इच्छा आहे, की आपल्याला आईच्याच कबरीत पुरावे. ती कबर आमच्या धर्मग्रामाच्या दफनभूमीत आहे. ती जागा ख्रिस्तसभेची आहे आणि तिचे नियम ठरवण्याचा तिला हक्क आहे. धर्मसंस्थांचे हे स्वातंत्र्यही त्याच जाहीरपत्राने राखले आहे, म्हणून कायद्याचा बडगा दाखवून हे मागावे असे मला वाटत नाही. मी धर्मग्रामाच्या समितीला पत्र दिले आहे आणि त्यासोबत दुसऱ्या परिच्छेदाचा मराठी अनुवाद माझ्या हाताने लिहून जोडला आहे. बैठक पुढच्या महिन्यात आहे. समितीतील दोघांचा विरोध आहे, आणि त्यातला एक माझा सख्खा भाऊ आहे. जे ठरेल ते येथेच लिहीन.